गजभियेबाईंची आतली कडी

गजभियेबाईंच्या पाळणाघरात मूल घालायला गेलं की आधी आईबापांची परीक्षा व्हायची, आणि बहुतेक आईबाप नापास व्हायचे. मी तर पहिल्या चार प्रश्नांतच झाले.

आम्ही तेव्हा कोथरूडला नवीनच राहायला आलो होतो. त्या दिवसांत सकाळी उठून खिडकी उघडावी तर समोर एक नवी इमारत उभी असायची, आणि तिच्यातल्या घराघरात एक कॉम्प्युटरवाला, एक कॉम्प्युटरवाली आणि एक मूल असायचं. फ्लॅट बुक करताना गाडी कुठे ठेवायची हे सगळ्यांनी विचारलेलं असे. मूल कुठे ठेवायचं हे कुणाला सुचलेलं नसे. मी बँकेत, आमचे हे विमा कंपनीत, आणि चिन्मय जेमतेम बोलायला लागलेला. सासूबाईंनी "माझे गुडघे बाई..." एवढंच म्हटलं होतं. पुढचं वाक्य आम्ही समजून घेतलं.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक बाई मुलं सांभाळतात असं कळलं म्हणून एका संध्याकाळी गेले. पाटी नाही, भिंतीवर मिकी माउस नाही. मोठं दार उघडं, पण चौकटीत आतल्या बाजूला आणखी एक बुटकं लाकडी दार, माझ्या कमरेइतकं. त्याच्या पलीकडे एक उंच, सावळी, खणखणीत बाई उभी. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात, घरात, पांढरे कॅनव्हासचे बूट.

"मूल कोणाजवळ झोपते?" त्यांनी बसा-बिसा न म्हणता विचारलं.

"माझ्याजवळ."

"आंघोळ कोण घालून देते? घरी येणं-जाणं कोणाकोणाचं आहे? कोणाला पाहून रडते?"

मला राग आला. पण मुलाचा एखादा गुण सांगावा म्हणून मी कौतुकानं म्हटलं, "रडत नाही हो तो मुळीच. कुणीही बोलावलं की जातो. फार माणसाळलेला आहे."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोराला देवी आल्याचं सांगितलंय. "हे काही चांगलं नाही सांगून राहिले तुम्ही," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. शिकवू."

बाई नागपूरकडच्या. सरकारी बालगृहात अधीक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्यात कंपनीत लागला म्हणून त्याच्याबरोबर आल्या, आणि वर्षभरात त्या कंपनीनं मुलालाच अमेरिकेला पाठवून दिलं. मागे उरला दोन खोल्यांचा फ्लॅट, बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाईंचा आवाज. त्या आवाजाला काम हवं म्हणून त्यांनी पाळणाघर काढलं असं माझं मत आहे. मूर्ती बघून आणि आडनाव ऐकून आमच्या सोसायटीतल्या दोन घरांनी "विचार करून सांगतो" म्हटलं होतं. ते अजून विचार करताहेत.

बाकीच्यांनी विचार न करता मुलं आणून टाकली, कारण गरज होती. मग तक्रारी सुरू झाल्या. बाई मुलांना "पोट्टे" म्हणतात. पहिल्या मजल्यावरच्या जोशीबाईंची नात एकदा जेवताना म्हणाली, "आजी, काहून ओरडून राहिली?" तर जोशीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. भाषा बिघडतेय म्हणून पालकांचं शिष्टमंडळ गेलं. बाई म्हणाल्या, "बाप्पा! तुमची भाषा शुद्ध आहे नं? मग संध्याकाळी घरी बोला की त्याच्याशी दोन शब्द. तेवढ्यानं होऊन जाईल दुरुस्त." शिष्टमंडळात सगळे रात्री उशिरा घरी येणारे होते. ते आले तसे परत फिरले.

पण बाईंची खरी मातब्बरी होती ती त्या बुटक्या दारात. ते त्यांनी स्वतः सुतारासमोर उभं राहून करून घेतलं होतं. त्याला कडी होती ती आतून, आणि तीही मुलाच्या हाताला येईल इतक्या खाली. दिवसभर बाहेरचं मोठं दार बंद आणि किल्ली बाईंच्या कमरेला. संध्याकाळी न्यायची वेळ झाली की मोठं दार उघडायचं, बाई शेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि बुटक्या दाराचा कारभार मुलांच्या हाती. आई आली की मूल धावत यायचं, खटकन कडी काढायचं आणि बाहेर. ज्याच्यासाठी मूल कडी काढेल त्याच्याबरोबर ते जाणार. नाही काढली तर नाही जाणार. येणारा मग बाप असो, मामा असो, नाही तर महापौर.

"अहो, पण मुलं कडी काढून पळून गेली तर?" मी एकदा विचारलं.

बाईंनी पाय पुढे करून बूट दाखवले. "जाऊन जाऊन किती दूर जाईल?"

ह्या कडीनं भल्याभल्यांचा माज उतरवलेला मी पाहिलाय. आमच्या वरच्या मजल्यावरचा प्रसन्न घ्या. कंपनीनं त्याला अमेरिकेत पाठवलं होतं. परत आला तो टोपी, बर्मुडा आणि चॉकलेटच्या पिशवीसकट विमानतळावरून थेट पाळणाघरात. ईशानला दारापलीकडून हाक मारली. ईशाननं बघितलं आणि बाईंच्या साडीत तोंड खुपसलं. आईनं फोटो दाखवून दाखवून ओळख ठेवली होती, पण फोटोतल्या बाबाला दाढी होती.

"बाई, मी त्याचा फादर आहे," प्रसन्न म्हणाला आणि गळ्यातलं कंपनीचं कार्ड पुढे केलं.

"मला काहून दाखवून राहिले? बाप तुम्ही त्याचे आहा, माझे नाही. त्याला दाखवा."

"मी पोलिसांना फोन करीन."

"करा. तोवर चहा घेता का?"

हा सगळा संवाद आम्ही चार आया तिथे उभ्या राहून ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोलू, कुणीच प्रसन्नच्या मदतीला गेलो नाही. तो रागारागानं चपलांच्या स्टँडवर बसला. चॉकलेट दाखवून झालं. बाईंनी तेही बंद केलं, "खाऊवर नाही न्यायचं पोट्टं." मग बिचारा जमिनीवर मांडी घालून बसला आणि बोलायला लागला. विमान केवढं असतं, ढग वरून कसे दिसतात, त्याला भूक कशी लागली होती. मुलं एकेक करून गेली, दिवे लागले. ईशान हळूहळू साडीतून बाहेर आला, दाराला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "विमानात शू लागली तर?" त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर मिळाल्यावर त्यानं कडी काढली. प्रसन्न बाईंवर चिडला तो चिडलाच. पण त्यानंतर तो दर शनिवारी न्यायला स्वतः यायला लागला.

मधल्या काळात शेजारच्या गल्लीत एक झकपक पाळणाघर निघालं. वातानुकूलित, इंग्रजी नावाचं, आणि छताला कॅमेरे. आयांनी आपापल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मूल बघायचं. आमच्याकडची बरीच मुलं तिकडे गेली. आमच्या बँकेतली एक मुलगी दर अर्ध्या तासानं आपलं लेकरू बघायची आणि म्हणायची, "बघ, किती शांत बसलाय!" मी ते बाईंना सांगितलं. बाई मुलांना कुरमुरे वाटत होत्या. म्हणाल्या, "कॅमेरा पाहते, हे खरं आहे. मधात पडते का?" आणि पुढच्या पोराच्या वाटीत कुरमुरे टाकले.

आता सर. नाव मी घेणार नाही, ते माझ्या तोंडात बसत नाही. आमच्या सोसायटीचे चेअरमन. निवृत्त प्राध्यापक, धोतर, खादीचा झब्बा, अत्तराचा वास. गणपतीत अथर्वशीर्ष त्यांचंच. रविवारी सकाळी आपल्या फ्लॅटमध्ये ते मुलांचा संस्कारवर्ग घ्यायचे, तेही फुकट. पुण्यात फुकट मिळणाऱ्या गोष्टीला आम्ही फारसं तपासून घेत नाही. आयांना वाटायचं, आपण दिवसभर बाहेर, आपल्या हातून राहून गेलेले संस्कार सर भरून काढताहेत.

बाई एकदा त्यांना स्पष्ट म्हणाल्या होत्या, "वर्ग घ्या नं, चांगलं आहे. पण पार्किंगमध्ये घ्या, सगळ्यांदेखत. आणि एक मोठा माणूस, एक मूल आणि लावलेलं दार, असं नको. माझ्याकडे मीही नाही बसत तशी." सर हसले. "गजभियेबाई, आपण सरकारी संस्थांतून आलात. तिथली हवा वेगळी. इथे सुसंस्कृत वस्ती आहे." हे मी जिन्यात उभी राहून स्वतः ऐकलंय.

मेधा म्हणजे आमच्याच इमारतीतल्या, बाईंकडे येणाऱ्या मुक्ताची आई. हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. नवरा बंगळूरला. कोथरूड ते हडपसर म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं टोक, ती कधी वेळेवर पोचली असेल तर मला माहीत नाही. तिच्या अडचणीची दया येऊन सरांनी आपण होऊन सांगितलं, मुक्ताला रविवारी थोडं जास्त थांबव, तिचे उच्चार फार गोड आहेत, मी वेगळं शिकवीन. मेधानं त्यांच्या पाया पडून होकार दिला. काही रविवार तसं चाललं. मग एका संध्याकाळी तिनं बाईंना फोन केला, "मला उशीर होतोय. सर येऊन मुक्ताला घेऊन जातील. मी त्यांच्याकडून घेईन."

मी चिन्मयला न्यायला आले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. सर दाराशी आले. "चला मुक्ताबाई!" मुक्ता ठोकळे लावत होती. तिनं वर बघितलं, ठोकळा हातातच घट्ट धरला आणि उठून मोरीत जाऊन बसली.

"लाजते," सर माझ्याकडे बघून हसले.

"लाजत असेल," बाई म्हणाल्या. "पण कडी नाही काढली."

"अहो, तिच्या आईनं तुम्हाला फोन केलाय. मी चेअरमन आहे ह्या सोसायटीचा."

"तरी कडी आतूनच आहे, सर."

सरांनी हात लांब करून आत घातला आणि स्वतःच कडी काढायला गेले. बाई स्टुलावरून उठल्या. कडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची उंची किती आहे ते मला त्या दिवशी नीट कळलं. सरांचा चेहरा एकदम बदलला. "हे तुम्हाला महागात पडेल," असं त्या सुसंस्कृत माणसानं अगदी हळू आवाजात म्हटलं आणि ते गेले.

मेधा धापा टाकत आली तेव्हा बाईंनी तिला आत बसवलं. "ओरडू नको तिच्यावर. सतरा प्रश्न विचारू नको. जवळ घेऊन बस, आज, उद्या, जितके दिवस लागतील तितके. ती सांगेल ते ऐक. आणि काही झालं तरी 'खरंच का गं?' असं म्हणू नको."

मेधा रडत म्हणाली, "अहो, पण सर तसे नाहीत हो."

"मी सरांचं काही म्हणून नाही राहिली. मी पोरीचं सांगून राहिली."

सोसायटीची बैठक लागली ती लगेच, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. विषय होता 'निवासी गाळ्यातील व्यवसाय आणि दारातील अडथळा'. एरवी टाकीतल्या गळतीच्या बैठकीला आठ माणसं जमत नाहीत, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्षस्थानी सर. विषय आपल्याशी संबंधित आहे म्हणून त्यांनी निःपक्षपातीपणे अध्यक्षांची खुर्ची सोडली आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

एकेक जण उठून बोलला. इतक्या मोठ्या माणसाचा अपमान. सोसायटीची परंपरा. वास्तविक सोसायटीला चार वर्षं झाली होती. प्रसन्नसुद्धा उठला, म्हणाला, "त्या दारापायी मला तास दीड तास जमिनीवर बसावं लागलं होतं," आणि थांबला. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते. "माझं आणखी काही म्हणणं नाही," म्हणून तो खाली बसला.

"सरांवर तुमचा संशय आहे का? पुरावा आहे का?" जोशीबाईंच्या मिस्टरांनी बाईंना विचारलं.

बाई उठल्या. "तिकडे बालगृहात एक साहेब यायचे. मोठे दानशूर. दर रविवारी पोरांसाठी जिलेबी. एक पोट्टं, साहेबांची गाडी आली की संडासात जाऊन बसायचं. मी त्याला हाताला धरून बाहेर आणायची. म्हणायची, नमस्कार कर साहेबांना. ह्या हातानं आणायची मी त्याला. तोंडानं नाही बोललं ते कधी, पण दर रविवारी सांगून राहिलं होतं नं मला, तिथे बसून. मी पुरावा मागत राहिली." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "म्हणून कडी आत आहे. मला दुसरं काही नाही सांगायचं."

मग मागच्या ओळीतून मेधा उठली. "मुक्तानं काल सांगितलं. सर दार लावून घेतात. आणि काय झालं ते आईला सांगायचं नाही म्हणतात." एवढं बोलून ती सरांकडे बघत राहिली. सर आपला चष्मा पुसत होते, पुसतच राहिले.

तुम्हाला वाटेल, लोक खवळले असतील. आम्ही पुणेकर असे खवळत नाही. कुणीतरी म्हणालं, "लहान मुलं काय, कल्पना करतात." कुणी म्हणालं, "हा विषय अजेंड्यावर नाही." आणि एका तरुण गृहस्थांनी, नुकतंच गृहकर्ज काढलेलं होतं त्यांनी, पोटतिडकीनं सांगितलं, "प्लीज, हे बाहेर जाऊ देऊ नका. फ्लॅटचे रेट पडतील."

मला राहवेना. मी उभी राहून म्हटलं, "लाज वाटते का कुणाला?" आमचे हे कमिटीत होते. त्यांनी माझा पदर ओढला. तो पदर मी त्यांना अजून विसरू दिलेला नाही.

बाई तेवढ्यात खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. आवळून बांधल्या आणि म्हणाल्या, "चल मेधा." दोघी पार्किंगमधून निघाल्या आणि तडक पोलीस चौकीत गेल्या. मीही मागून धावले. चौकीत तिघींना बरंच ताटकळत बसवलं, पण तक्रार घेईपर्यंत बाई बाकावरून हलल्या नाहीत.

आणि आमच्या मागे बैठक पुढे चालू राहिली, कारण कोरम होता. दारातलं बुटकं दार आठ दिवसांत काढून टाकावं असा ठराव बहुमतानं मंजूर झाला. ते आगीच्या वेळी अडथळा ठरू शकतं असं कारण इतिवृत्तात आहे.

पुढे आणखी दोन आया, दिवेलागणीला, शेजारणीला दिसणार नाही अशा बेतानं बाईंकडे येऊन रडून गेल्या. त्यांच्याही तक्रारी बाईंनी नोंदवायला लावल्या. चौकीतून बोलावणी येऊ लागली, खटला उभा राहिला आणि रखडला, जसे रखडतात. सरांच्या फ्लॅटला कुलूप लागलं. ते भावाकडे सांगलीला गेले असं कळलं, आणि खोटं वाटेल, पण जाण्याआधी काही सभासदांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. प्रकृतीच्या कारणास्तव जाताहेत असं सांगितलं गेलं. गृहकर्जवाले गृहस्थ नारळ घेऊन आले होते. मुक्ताला मात्र पुन्हा त्या जिन्यात कधी सर दिसले नाहीत, मला तेवढं पुरे.

बाईंनी ठराव पाळला. सुताराला बोलावून बुटकं दार काढलं, आणि दारापाठोपाठ स्वतःही निघाल्या. हडपसरला गाडीतळाच्या मागे त्यांनी जागा बघितली होती. टेम्पोत भांडी, गाद्या, ठोकळ्यांची पोती, आणि सगळ्यात वर ते दार, कडीसकट, सुतळीनं बांधलेलं. मी म्हटलं, "बाई, आमच्या मुलांचं काय?" तर म्हणाल्या, "तुमच्याकडे कॅमेरा आहे नं," आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. मग खिडकीतून हात बाहेर काढून चिन्मयचा गालगुच्चा घेतला आणि पुष्कळ वेळ सोडलाच नाही.

त्यानंतर भेट राहून राहून गेली. चिन्मय बारावी झाला, मेधानं घर बदललं. मागच्या दिवाळीनंतर मात्र बँकेच्या कामानं हडपसरला जायची वेळ आली, तेव्हा बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी मुद्दाम वाट वाकडी केली. गाडीतळामागे आता काचेच्या उंच इमारती झाल्यात. त्या इमारतींत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बायकांची आणि त्याच इमारतींच्या फरशा पुसणाऱ्या बायकांची, अशी दोघींची मुलं बाईंकडे एकत्र असतात हे मला तिथल्या पानवाल्यानं सांगितलं. वर म्हणाला, "लई कडक हाय म्हातारी. स्वतःचा मुडदा पडला तरी पोराला हात लावू द्यायची नाय."

मोठं दार उघडं होतं. आत तेच बुटकं दार. रंग नवा, कडी जुनी. पलीकडे खुर्चीत बाई बसलेल्या. पिकलेल्या, खांद्यात वाकलेल्या, पायात बूट. आणि मुलांच्या घोळक्यात मांडी घालून, ठोकळे लावत, जीन्समधली एक मुलगी. तिनं वर बघितलं आणि किंचाळली, "मावशी!"

मुक्ता! मी बघतच राहिले. इंजिनिअरिंगला आहे, आणि दर शनिवारी इथे येते, शाळेत असल्यापासून येते. मेधानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, उघड की दार," मी म्हटलं.

मुक्ता उठून आली, पण कडीला तिनं हात लावला नाही. जवळच एक शेंबडी, तीनेक वर्षांची पोर उभी होती. तिच्याजवळ उकिडवं बसून मुक्तानं विचारलं, "राणी, ह्या मावशीला ओळखते का तू?"

पोरीनं मला नीट न्याहाळलं. लाडवांचा डबाही न्याहाळला. आणि नाही म्हणून मान हलवली.

"सॉरी मावशी," मुक्ता म्हणाली.

मी बाईंकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ही म्हातारी मध्ये पडेल. बाई खुर्चीतून नुसतं हसल्या. "बाहेर बाक आहे नं," त्या म्हणाल्या. "बसा. चहा घेता का?"